दहा सह्या आणि एक चित्र

७ मे २०२४ रोजी सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून उभे होते. त्यांचे चिन्ह लिफाफा. भाजपचे खासदार संजयकाका पाटील यांना त्यांनी १,००,०५३ मतांनी हरवले. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले आणि राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाचे शशिकांत शिंदे हरले. तिथे तिसऱ्या क्रमांकावर एक अपक्ष होता, ज्याची फारशी सभा कुणी ऐकली नव्हती. त्याला ३७,०६२ मते पडली. त्याचे चिन्ह होते तुतारी. शिंदे यांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस.

एका जिल्ह्यात अपक्षाचे चिन्ह घरोघर पोचले आणि त्याने मोठमोठे पक्ष मागे टाकले. दुसऱ्या जिल्ह्यात अपक्षाच्या चिन्हामुळे पक्षाचा मतदार चकला, अशी तक्रार झाली. या दोन निकालांवर पुष्कळ लिहून आले, पण बहुतेक लिखाण कोण कुणाचा माणूस होता, कुणी कुणाला उभे केले, याच अंगाने झाले. मला त्यामागच्या नियमांविषयी लिहायचे आहे. मतदारांच्या सह्यांवर उभ्या राहणाऱ्या उमेदवाराने आपली ओळख मतपत्रिकेवर कशी सांगावी, याविषयी आपला कायदा काय म्हणतो? माझे म्हणणे थोडक्यात असे, की कायदा अशा उमेदवाराला चित्र देतो, शब्द देत नाही. आणि या एका कमतरतेमुळे पक्षाचा मतदार आणि अपक्षाचा मतदार, दोघांचेही नुकसान होते.

आधी नियम पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला उमेदवारी अर्जावर एकच सूचक पुरतो. बाकी सगळ्यांना, म्हणजे अपक्षांना आणि नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांच्या उमेदवारांना, त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरते ते ज्याला आपण सगळे ‘एबी फॉर्म’ म्हणतो त्या कागदांवरून. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत. मान्यताप्राप्त पक्षाचे चिन्ह राखीव असते. अपक्षाने मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रमाने तीन चिन्हे लिहायची, आणि माघारीची मुदत संपल्यावर त्यातले एखादे, किंवा उरलेल्यातले कुठलेतरी, त्याच्या वाट्याला येते. ही सगळी व्यवस्था १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाने चालते.

आता एक गोष्ट, जी वर्षानुवर्षे मतदान करूनही अनेकांच्या ध्यानात आलेली नसते. मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत पक्षाचे नाव नसते. अनुक्रमांक, उमेदवाराचे नाव, २०१५ पासून त्याचा फोटो, आणि चिन्ह, एवढेच असते. उमेदवारांच्या अधिकृत यादीत पक्षाचा उल्लेख असतो आणि ती यादी केंद्राबाहेर लावलेली असते. पण बटण दाबताना डोळ्यांसमोर असते ते चित्र. नावांचा क्रमही ठरलेला आहे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. हे सारे पहिल्या निवडणुकीपासून चालत आलेल्या विचाराला धरून आहे. १९५१-५२ साली बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह चिकटवले जात असे. त्या काळी चित्राने जे काम केले ते थोर होते, यात शंका नाही. प्रश्न असा आहे, की आज चित्राबरोबर दोन शब्द का नसावेत?

साताऱ्याच्या तुतारीकडे परत येतो. राष्ट्रवादीचे नाव आणि घड्याळ फेब्रुवारी २०२४ मध्ये अजित पवार यांच्या गटाला मिळाले. त्यानंतर त्याच महिन्यात शरद पवार यांच्या पक्षाला नवे चिन्ह मिळाले आणि रायगडावर त्याचे अनावरण झाले. मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रंपेट हे वाद्य आधीपासून होते. त्याचे मराठी नाव ‘तुतारी’ असे झाल्याने घोटाळा वाढला. प्रचारात कार्यकर्ते ‘तुतारीला मत द्या’ असे सांगत होते, आणि यंत्रावर तुतारी नावाचे दुसरेच चिन्ह होते. बारामतीत पक्षाने मतदानापूर्वीच हरकत घेतली होती. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत तेच वाद्य मिळालेल्या आणि भगरे हेच आडनाव असलेल्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. तिथे पक्षाचे भास्कर भगरे जिंकले म्हणून ओरड कमी झाली, इतकेच.

पण टीका करायची तर ती आपल्याला सोयीच्या आकड्यांवरही केली पाहिजे. साताऱ्याचा निकाल तुतारीमुळे फिरला, असे सर्रास म्हटले जाते. त्यासाठी अपक्षाच्या ३७,०६२ मतांपैकी किमान ३२,७७२ मते चुकून पडलेली आणि शिंदे यांचीच असायला हवीत. म्हणजे शंभरातली अठ्ठ्याऐंशीहून अधिक. हे अशक्य नाही, पण सिद्धही करता येत नाही. याच्या उलट महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरले की लागणाऱ्या रायगड जिल्ह्यातले २०१४ चे उदाहरण घ्या. अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते होती. इथे शंभरातली बावीस मते चुकलेली असली तरी निकाल बदलतो. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगावात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी जिंकले. हरलेले देवदत्त निकम यांच्याच नावाचा अपक्ष तिथे होता, त्याच्याकडे तेच ट्रंपेट होते, आणि त्याला २,९६५ मते मिळाली. इथे निम्म्याहून थोडी अधिक मते पुरेशी होती.

या तीन उदाहरणांवरून निकाल कुणी पळवला हे ठरवता येत नाही. एवढे मात्र ठरवता येते, की मतदाराचा हेतू आणि यंत्रातले मत यांच्यामध्ये एक फट आहे आणि ती फट नियमांना माहीत आहे. एकाच नावाचे दोन उमेदवार असतील तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य काही जोडून त्यांच्यात फरक दाखवावा, असे नियमच सांगतो. पण हा फरक ‘सर’, ‘पाटील’, वडिलांचे नाव अशाने केला जातो. एखाद्या नावापुढे पक्षाचे नाव आणि दुसऱ्यापुढे ‘अपक्ष’ एवढे छापले तर जो फरक एका क्षणात कळेल, तोच नेमका टाळला जातो. २०२४ च्या मे महिन्यात नामसाधर्म्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा आईवडिलांनी सारखे नाव ठेवले म्हणून कुणाला उभे राहण्यापासून रोखायचे का, असा न्यायालयाचा रोख होता आणि याचिका मागे घेतली गेली. तो रोख मला योग्य वाटतो. माणसाला रोखू नये. पण त्याच्या नावाखाली तो कोण आहे ते लिहायला काय हरकत आहे?

इथवर झाली पक्षाच्या मतदाराची बाजू. तिच्याविषयी बोलायला पक्ष आहेत, वकील आहेत. दुसरी बाजू त्या दहा सह्या करणाऱ्यांची आहे, आणि तिच्याविषयी मी थोडे अनुभवाने बोलू शकतो, कारण एका विधानसभा निवडणुकीत मी त्या दहांपैकी एक होतो.

आमचा महाबळेश्वर तालुका वाई विधानसभा मतदारसंघात येतो. वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर मिळून तो मतदारसंघ. तालुक्याची एक बाजू बाजारपेठ, पॉइंट आणि स्ट्रॉबेरीची, ती सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी बाजू तापोळ्याच्या खाली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाची. धरणात गावे गेली, काही माणसे उठली, काही वर सरकून राहिली. कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना अजून लाँचची वाट पाहावी लागते. ज्याच्या अर्जावर मी सही केली तो उमेदवार याच प्रश्नावर उभा होता. त्याच्या मागे कुठला पक्ष नव्हता. खोऱ्यातल्या काही गावांनी मिळून एक आघाडी केली होती.

“दादा, दहा सह्या लागतात. नऊ झाल्यात. तुम्ही करा,” असे म्हणत तो अर्ज घेऊन आला. मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक तपासून मी सही केली. मग त्याने विचारले, “यात आपल्या आघाडीचं नाव कुठं लिहायचं?” आम्ही दोघांनी अर्ज पुन्हा वाचला. पक्षाचा उमेदवार असाल तर पक्षाचे नाव. नसाल तर अपक्ष, आणि तीन चिन्हे. तिसरी जागा नव्हती. त्याला पाण्याशी संबंध असलेले काहीतरी चिन्ह हवे होते. मिळाली कपबशी. पुढचे पंधरा दिवस त्याची शक्ती धरणग्रस्तांचा प्रश्न सांगण्यात कमी आणि कपबशी सांगण्यात जास्त गेली. मतदानाच्या आदल्या दिवशी एका म्हाताऱ्या मावशींनी मला विचारले, “कपबशी म्हंजी त्या हाटेलवाल्याची न्हवं?” अनामत गेली. ती अनामत चिन्हामुळे गेली असे मी म्हणणार नाही; पैसा नव्हता, माणसे नव्हती. पण आम्ही दहा जणांनी ज्या गोष्टीसाठी सही केली होती, त्या गोष्टीचा एक शब्दही मतपत्रिकेवर नव्हता, हे खरे आहे.

यावर कुणी म्हणेल, चळवळ जोरदार असेल तर तिला मतपत्रिकेवरच्या नावाची गरज पडत नाही. याला आधार आहे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समिती हे नाव महाराष्ट्रात घराघरात होते. पण समिती ही अनेक पक्षांची मोट होती. तिचे उमेदवार आपापल्या पक्षांचे किंवा अपक्ष म्हणून उभे होते. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे प्रजासमाजवादी पक्षाचे. मतदाराने मात्र ‘समिती’ला मत दिले होते. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीची काळी निशाणे वाई-महाबळेश्वरच्या वाटेवर उभी राहिली. नाव छापलेले नव्हते, तरी सगळ्यांना ठाऊक होते.

पण समितीकडे १९५६ पासून ‘मराठा’ हे दैनिक होते, आचार्य अत्रे यांच्यासारखे वक्ते होते, शाहीर होते, आणि एकशे पाच हुतात्म्यांचे स्मरण होते. ज्यांच्याकडे हे नसते त्यांनी काय करायचे, याचे उत्तर मराठी माणसांनीच पुढे बेळगावात दिले, आणि त्या उत्तराने देशाचा कायदा बदलायला हातभार लावला. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार कर्नाटकात बहुतेक वेळा अपक्ष म्हणूनच लढत आले. सीमाप्रश्न हा त्यांचा एकमेव मुद्दा, पण मतपत्रिकेवर त्याला जागा नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाभागाचा निषेध नोंदवण्याची ती रीत होती. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते आणि तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३. तिथे मतपत्रिका पुस्तिकेसारखी छापावी लागली.

या घटनेचा अर्थ मी असा लावतो: मतपत्रिकेवर मागणी लिहिता येत नव्हती, म्हणून लोकांनी तिच्यावर माणसे लिहिली. सरकारने मात्र तिच्यात फक्त गर्दी पाहिली. १९९६ च्याच ऑगस्टपासून कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली, विधानसभेची २५० वरून ५,००० (पुढे त्या २५,००० आणि १०,००० झाल्या), आणि मान्यताप्राप्त पक्षाबाहेरच्या उमेदवाराला दहा सूचक लागू झाले. मी ज्या दहा सह्यांपैकी एक केली, त्यांचा उगम तिथे आहे. अट घालणे चुकीचे नव्हते. दहा मतदारांचा पाठिंबा मागणे फार नाही. पण दहा माणसांना पुढे येऊन सही करायला लावायचे आणि ती सही कशासाठी आहे हे मात्र मतदारापुढे येऊ द्यायचे नाही, हा अर्धवट सौदा झाला.

या अर्धवटपणाचे आणखी एक रूप आपल्या स्थानिक निवडणुकांत दिसते. २०१६ च्या सातारा नगरपालिका निवडणुकीत उदयनराजे भोसले यांची सातारा विकास आघाडी आणि शिवेंद्रराजे भोसले यांची नगर विकास आघाडी समोरासमोर होत्या. तेव्हा उदयनराजे राष्ट्रवादीचे खासदार होते आणि शिवेंद्रराजे राष्ट्रवादीचेच आमदार. साताऱ्याच्या मतदाराला पक्षाचे नाव काहीच सांगत नव्हते, आघाडीचे नाव सगळे सांगत होते. आज दोघेही भाजपमध्ये आहेत. ग्रामपंचायतींत तर पक्षचिन्हच नसते. पॅनेल असतात, मुक्त चिन्हे असतात, आणि निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष त्याच सरपंचांवर आपला हक्क सांगतो. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ च्या जानेवारीत पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. घर वाढवायचे, लॉज बांधायचे, झाड राखायचे, डोंगर फोडायचा नाही, हे सगळे वाद त्या अधिसूचनेभोवती फिरतात. गिरिस्थान नगरपरिषदेच्या उमेदवाराची या प्रश्नावर काय भूमिका आहे, हे कमळ, पंजा किंवा घड्याळ यांतून कळत नाही. कळलेच तर आघाडीच्या नावातून आणि तिच्या माणसांतून कळते.

गंमत अशी, की कायद्याला आघाडी माहीत आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या सदस्यांच्या अपात्रतेविषयीच्या महाराष्ट्राच्या १९८६ च्या कायद्यात ‘आघाडी’ या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे: उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा गट. आघाडीच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर नगरसेवकाचे पद जाऊ शकते. अपक्ष म्हणून निवडून आलेला पुढे पक्षात किंवा आघाडीत गेला तर त्याचेही जाऊ शकते. संसदेत आणि विधानसभेत राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीने १९८५ पासून अपक्षांवर हेच बंधन घातले आहे. म्हणजे निवडून आल्यावर ओळख इतकी महत्त्वाची, की तिच्यापायी पद जावे. आणि मत मागताना तीच ओळख इतकी बिनमहत्त्वाची, की तिला यंत्रावर एक ओळ मिळू नये. १९९५ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतले अनेक काँग्रेसचे बंडखोर होते आणि त्यांच्या पाठिंब्यावर शिवसेना-भाजप युतीचे सरकार चालले. मतदाराने काँग्रेसच्या बंडखोराला मत दिले होते, की युतीच्या मित्राला? हे त्याला तेव्हा विचारलेच गेले नाही. ‘बंडखोर’, ‘पुरस्कृत’, ‘समर्थित’ हे आपले रोजचे राजकीय शब्द आहेत. कायद्याच्या कोशात ते नाहीत. सांगलीत २०२४ साली लिफाफ्याला मत देणाऱ्याला विशाल पाटील काँग्रेसच्या घरातले आहेत हे ठाऊक होते, कारण ते वसंतदादांचे नातू. निकालानंतर त्यांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले. ज्याच्या घराण्याचे नावच ओळख आहे, त्याला मतपत्रिकेवरचे शब्द नसले तरी चालते. ज्याला घराणे नाही, त्याची पंचाईत होते. नियम दोघांना सारखा आहे, पण त्याचा भार सारखा पडत नाही.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ब्रिटनमध्येही संसदेच्या उमेदवाराला दहा मतदारांच्या सह्या लागतात. १९६९ पर्यंत तिथल्या मतपत्रिकेवरही पक्ष नव्हता. त्या वर्षी कायदा होऊन उमेदवाराला स्वतःविषयी सहा शब्द लिहायची मुभा मिळाली. पण शब्द तपासायची सोय नव्हती. १९९४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत डेव्हन आणि पूर्व प्लिमथ मतदारसंघात एक उमेदवार ‘लिटरल डेमोक्रॅट’ म्हणून उभा राहिला. त्याला १०,२०३ मते पडली आणि खरा ‘लिबरल डेमोक्रॅट’ ७०० मतांनी हरला. आपल्या तुतारीचीच ही शब्दांतली आवृत्ती. त्यानंतर १९९८ मध्ये पक्षांची नोंदणी आली, आणि आज नोंदणी नसलेल्या उमेदवाराने ‘अपक्ष’ एवढेच लिहायचे किंवा जागा कोरी सोडायची. गैरवापर थांबला, पण प्रामाणिक अपक्षाचे सहा शब्दही गेले.

अमेरिकेत मतदारांच्या सह्यांच्या अर्जावर उभे राहणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्या नावाने त्यांच्या निधनानंतर शहरात एक पक्ष निघाला. पुढे त्याच नावाने काही लोकांनी सह्या गोळा करून जिल्ह्याच्या निवडणुकीत उतरायचे ठरवले. आधीपासून असलेल्या पक्षाचे नाव दुसऱ्याने वापरायचे नाही, या राज्याच्या नियमावर बोट ठेवून त्यांना अडवले गेले. १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मतदाराची फसवणूक टाळणे हा राज्याचा हक्क आहे, पण त्यासाठी नावावर सरसकट बंदी नको. मूळ पक्षाची संमती घ्यायला लावली तरी काम होते. मला ही दिशा आपल्यासाठी उपयोगी वाटते.

आपल्याकडे बंदीचा भार नेमका उलट्या माणसांवर पडला आहे. शंभर मतदारांची प्रतिज्ञापत्रे आणि दहा हजार रुपये शुल्क भरून पक्ष नोंदवता येतो. असे कितीतरी पक्ष वर्षानुवर्षे एकही निवडणूक न लढवता कागदावर राहिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक आयोगाने त्यांतले ३३४ एका फटक्यात यादीतून काढले. कागदावरच्या पक्षाला नाव मिळते; आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून उघडपणे सही करणाऱ्या दहा मतदारांना मिळत नाही.

मग काय करावे? माझ्या मते चार गोष्टी. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावाखाली एक ओळ छापावी: पक्षाचा असेल तर पक्षाचे नाव, नसेल तर ‘अपक्ष’ आणि हवे असल्यास पाच-सहा शब्दांची ओळख. ही ओळख उमेदवारी अर्जातच असावी आणि सूचकांनी ती वाचून तिच्याखाली सही करावी, म्हणजे ती दहा मतदारांची साक्ष ठरेल. नोंदणीकृत पक्षाचे किंवा नेत्याचे नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय त्या ओळीत येऊ नये, आणि हरकतीचा निकाल छाननीच्या वेळीच लागावा. आणि नवे चिन्ह राखीव झाले, की मुक्त चिन्हांची यादी चित्राने आणि मराठी नावाने, दोन्ही प्रकारे पुन्हा तपासावी.

आक्षेप मला दिसतात. ‘निष्ठावंत’, ‘खरा’, ‘मूळ’ अशा शब्दांचा बाजार भरेल. भरेल, पण संमतीची अट असेल तर कुणाचे निष्ठावंत हे लिहिता येणार नाही. वाचता न येणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी चित्र राहीलच. शब्द चित्राच्या जागी नाही, सोबत येणार आहेत. एका मतदान यंत्रावर सोळा नावे बसतात, जागा कमी आहे. पण जिथे फोटो बसला तिथे एक ओळही बसेल. आणि एवढे करून साताऱ्यात निकाल बदलला असता का? मी वर दाखवले तसे, ते कुणीच सांगू शकणार नाही. मात्र ३७,०६२ मतांपुढे आज जे प्रश्नचिन्ह आहे, ते बरेच लहान झाले असते. त्या अपक्षाच्या दृष्टीनेही हे न्याय्य आहे. त्याला मनापासून मत देणारे जे कुणी असतील, त्यांचे मत आज चूक म्हणून मोजले जाते.

हे सगळे दिल्लीत व्हायची वाट पाहायला नको. नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्यांचे कायदे आपली विधानसभा करते. कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती असलेल्या या संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पूर्वी पूर्ण करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले होते. त्या खेपेला असा बदल झाला नाही. पण पुढच्या खेपेपूर्वी एखाद्या लहान नगरपरिषदेत आघाडीचे नाव यंत्रावर छापून पाहायला काही अडचण नाही. महाबळेश्वरसारख्या गावात, जिथे प्रत्येक प्रभागात माणूस माणसाला ओळखतो, तिथे हा प्रयोग सोपा आहे आणि त्याचा खोटेपणाही लगेच उघडा पडेल.

खोऱ्यातला तो उमेदवार अजून भेटतो. पुन्हा उभा राहणार का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सही तुम्ही कराल हो दादा, पण कशावर करायची ते तरी लिहू देतील का?”